ढगाळ दिवसाचं काम

ये, निक्लाव्स. टॅब्लेट गाडीतच राहू दे.
नकाशावर तू जिथे लाल ठिपका काढलायस
तिथे गायींचा पाणवठा होता.
ठिपका चाळीस पावलं पश्चिमेला हवा.
मला ठाऊक आहे. पेरणी माझ्याच हातची.

कॉलर वर कर.
हातमोज्यांची तोंडं बाहीवर ओढून घे.
आज आभाळ भरलंय म्हणून तुला बोलावलं.
याचा चीक तसा मुका,
अंगावर पडला तरी काही म्हणत नाही.
ऊन दिसलं की तोंड उघडतो.
मग फोड, आणि फोड बसल्यावर
तपकिरी डाग, कितीतरी उन्हाळे.
हा बघ कोपरावर, एक्क्याऐंशी सालचा.

तेव्हा सामूहिक शेती. मी चोविशीची,
बियाण्यांच्या खात्यात, खिशाला दोन पेनं.
वरून पोती आली, पोत्यांबरोबर कागद:
थंडीला भीत नाही, खत मागत नाही,
चारा इतका की कोठारं पुरणार नाहीत.
आम्हाला आकडे आवडायचे.
आकडे खरे निघाले.

गायींनी खाल्लं. दुधाला बडीशेपेचा वास यायला लागला.
मिर्द्झा धारा काढता काढता म्हणाली,
हे मुलांना पाजायचं की खोकल्यावर द्यायचं?
मी तक्त्यात वासाचा रकाना शोधला.
नव्हता.

मग राज्यच गेलं.
गायी वाटल्या, गोठ्याचे पत्रे रातोरात गेले,
कुंपणाची तारसुद्धा कुणीतरी गुंडाळून नेली.
हे तेवढं कुणाच्या वाटणीत आलं नाही
म्हणून सगळ्यांच्याच बांधावर आलं,
ओढ्याने खाली गेलं, रस्त्याने गावात,
शाळेच्या मागे माणसाच्या दीडपट उंच,
वर पांढऱ्या छत्र्या. बाहेरचे लोक फोटो काढायचे.

तालिवाल्दिसच्या मुलाने पोकळ देठाची दुर्बीण केली.
नदी बघत होता.
सात दिवस डोळ्यांवर पट्टी.
आता तो डब्लिनला असतो, जाड भिंगाचा चष्मा लावतो,
नाताळला कार्ड पाठवतो.
ते बी कुणी आणलं, त्याने कधी विचारलं नाही.
मीही अजून…
असो. फावडं तिरकं धर.

वरून छाटू नकोस. छाटलेलं घाईने फुटतं,
बुटकंच राहतं पण फुलतं.
देठ संपून मूळ सुरू होतं
त्याच्याही खाली चार बोटं घाव घाल.
कच्चा कोबी कापल्यासारखा आवाज आला पाहिजे.
आला? नाही. पुन्हा.
आता आला.

आयुष्यात एकदाच फुलतं ते, फुललं की मरतं.
फुलू दिलं नाही तर थांबतं,
पाच वर्षं, दहा वर्षं, मातीत मान घालून.
हट्टात आम्ही एकमेकांना सोडलेलं नाही.
मागच्या वसंतात या तुकड्यात नऊशे मोजली,
यंदा सहाशे चाळीस.
पुन्हा आकडेच, हो. हसू नकोस.

आपण याला लात्वानिस म्हणतो.
देशाच्या नावाशी असं जुळतं
की पोरांना वाटतं, हे इथलंच, आपल्याआधीचं.
कॉकेशसच्या डोंगरात, याच्या घरी,
शेजारी याला वाढू देत नसतील इतकं.
इथे शेजार नव्हता. मोकळी जमीन होती
आणि माझी सही.

बरं, तो तुझा अर्ज.
चौथी ओळ: प्रादुर्भावाचा स्रोत.
तिथे तू सकाळी "अज्ञात" लिहिलंस, मी बघितलं.
ते खोड.
आउस्मा रुंगाइने, असं लिही. रुंगाइने, दीर्घ नाही.
नाही, कुणी शिक्षा करणार नाही, मला माहीत आहे,
म्हणूनच तर सांगते, लिही.

झालं? मग उठ.
ढग पातळ होतायत बघ अल्डरच्या झाडांवर.
ऊन यायच्या आत
ओढ्याकडची ओळ तरी संपवू.